लोकरीची बाजू

“लोकरीवर फुंकर मार,” हे म्हणाले होते. “केस दुभंगले आणि तळाशी कातडी दिसली तर खरं. कापडाची जाळी दिसली तर तशीच परत ये. आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस. तुला कुणाचीही दया येते.”

म्हणून मी देवळाली कॅम्पातल्या त्या दुकानात, दोन्ही हात पदराखाली घेऊन, एका जाकिटाच्या गळ्यावर वाकून फुंकर घालत उभी होते.

दुकान झरीना नावाच्या बाईचं. तिचा नवरा मागच्या खोलीत मशीनवर बसायचा, ही पुढे गिऱ्हाईक बघायची. माझ्याहून बरीच लहान, पण बांध्याने माझ्यासारखीच, बारकी. माझी फुंकर दोनदा झाली, तिसऱ्यांदा झाली, तेव्हा तिला हसू आवरेना.

“मावशी, चहा नाही तो. निववताय होय?”

“ह्यांनी असंच बघायला सांगितलंय.”

“बघा ना. पण हात लावून बघा. चावत नाही. मेंढी केव्हाच गेली.”

“मी कातड्याला हात लावत नाही.”

तिने माझ्या पायांकडे पाहिलं. पायात कापडी पट्ट्यांच्या रबरी चपला होत्या. मग खांद्यावरच्या कापडी पिशवीकडे पाहिलं. “आणि आलात कातड्याच्या दुकानात,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, नवल होतं.

“घ्यायचं ह्यांच्यासाठी आहे.”

“बसा. चहा मागवते.”

“नको. आज मार्गशीर्षातला गुरुवार. कडक उपवास आहे.”

“चला, माझाही रोजा. दोघींचा चहा वाचला.”

त्या वर्षी मार्गशीर्ष आणि रमजान बरोबरीने चालले होते. आम्ही दोघी समोरासमोर बसलो, मध्ये ते जाकीट. वरून कातडं गुळाच्या ढेपेसारखं तपकिरी, कुठे गडद, कुठे फिकं. आत दाट लोकर, सायीच्या रंगाची. गळ्याशी रुंद कॉलर आणि ती उभी करून बांधायला कातड्याचा पट्टा, पितळी बकल. जुन्या लढाईतले विमानवाले घालायचे त्या बेताचं, पण शिवलेलं नवं. असा माल बाहेरदेशी जातो म्हणे. ह्याच्या एका बाहीवर रंग धड बसला नव्हता, म्हणून मागे राहिलं आणि दुकानाच्या काचेत टांगलं गेलं. दवाखान्यातून परतताना रिक्षा तिथे अडली, आणि ह्यांनी ते बघितलं.

लोकर दुभंगली तेव्हा तळाशी फिकट गुलाबी कातडी दिसली. बाळाच्या टाळूसारखी. मी मान मागे घेतली.

“खरं आहे,” मी म्हटलं.

“ते मी सांगितलं असतं तर तुम्ही मानलं नसतं. माप काय साहेबांचं?”

“आधी चांगले भरलेले होते. आता...” मी पदर सारखा केला. “आता माझ्याएवढे झालेत.”

झरीनाने चेष्टा थांबवली. उठली, जाकीट स्वतःच अंगात घातलं, चेन वर ओढली, पट्टा बकलात अडकवला आणि माझ्यासमोर एक गिरकी घेतली. डोक्यावर ओढणी, कानांत बारीक सोन्याच्या कड्या, आणि अंगात विमानवाल्याचं जाकीट. मला त्या अवस्थेतही हसू आलं.

“असं बसेल,” ती म्हणाली. “खांद्यात जरा मोठं आहे. मोठंच असू द्या. माणूस आत आत जायला लागला ना, की त्याला मोठ्या कपड्यात बरं वाटतं. सासऱ्यांचं पाहिलंय मी.”

तिने जाकीट उलटं केलं, लोकर बाहेर, कातडं आत. मग जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या पिशवीत सोडलं.

“एक सांगते. पाण्यात घालायचं नाही. तुमच्यात बाहेरचं सगळं धुऊनच घरात घेतात, मला माहितीये. ह्याला पाणी लावलंत तर पापड होईल पापड.”

तिने सांगितलं ते फार बरं झालं. कारण नाशिकरोडला घरी पोचले तर वन्सं बाथरूमच्या दारात बादली भरून उभ्या. त्यात गोमूत्राचे थेंबही टाकून झालेले. मंदावन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. ह्यांचं दुखणं वाढलं तशा जळगावहून मदतीला येऊन राहिल्या होत्या.

“द्या वहिनी, बुडवते. कुणाकुणाचे हात लागले असतील,” त्या म्हणाल्या. “म्हणजे तुम्हालाही अडचण नको.”

“वन्सं, ते बुडवायचं नाही. खराब होतं.”

“मग शुद्ध कसं व्हायचं?”

आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. आवाज कसला, शिट्टीसारखा श्वास आणि त्यात गुंफलेले शब्द. “मंदे, धाबळी सोवळ्यात चालते ना?”

“चालते की. लोकर नेहमीच शुद्ध.”

“आणि कातडं?”

“शिव शिव.”

“मग ते जाकीट आतून सोवळं, बाहेरून ओवळं. तुझ्या भावासारखं. आण इकडे.”

त्यांना खोकला आला, पण त्या खोकल्यातही ते हसत होते. कितीतरी दिवसांनी हसले. मी चादर पलंगावर सोडली, कडेला धरून उलगडली, आणि लोकर दिसली तशी तिथे दोन बोटं टेकवून जाकीट त्यांच्या मांडीवर सरकवलं. लोकरीला माझी ना नव्हती. मी कातड्याच्या बाजूला बोट लागू दिलं नाही, हे त्यांनी पाहिलं. काही बोलले नाहीत. आमच्या संसारात अशा न बोललेल्या गोष्टी पुष्कळ होत्या. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये पडून त्या फोडायलाही कुणी नव्हतं.

हे हवाई दलात विमानांच्या दुरुस्तीवर होते. उडवणारे नव्हेत. उडवणारे वर जायचे आणि हे खाली, धावपट्टीवर, हातात पाना घेऊन. तरुणपणी पंजाबातल्या एका तळावर पहाटे विमानाचं चाक बदलत होते. थंडीने बोटं वळेनात. एक वयस्क अधिकारी तिथून जात होता. त्याने आपलं इंग्रजांच्या वेळचं मेंढीच्या कातड्याचं जाकीट काढलं आणि ह्यांच्या खांद्यावर टाकलं, गळ्याचा पट्टाही स्वतःच्या हाताने लावला. ऊन वर येईपर्यंत ते ह्यांच्या अंगावर होतं. मग परत दिलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली होती की त्या अधिकाऱ्याच्या मिशा मला पाठ होत्या.

आता फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी तोच शब्द वापरला, थकलीत. थंडी बाहेरून लागत नव्हती, आतून निघत होती. दोन स्वेटर, शाल, रजई, काही पुरत नव्हतं. त्या थंडीला जाकीट पुरलं. सकाळी गॅलरीत ऊन यायच्या आधीच हे खुर्चीत जाऊन बसत. जाकीट कसंबसं अंगात चढवत, चेन ओढत. पट्टा मात्र त्यांच्याने जमेना. बोटं थरथरायची, बकलाचा काटा भोकात जाईना. तेवढं वन्सं करायच्या.

“मान वर कर,” वन्सं म्हणायच्या.

“हळू. गळा दाबतेस का?”

“लहानपणी तू माझ्या वेण्या ओढायचास ना, त्याची परतफेड.”

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. हातात पेजेची वाटी. पट्टा लागला की ह्यांचा चेहरा सैल व्हायचा, डोळे मिटायचे. वाटायचं, एवढंसं काम. माझं काम. आणि मी वाटी धरून उभी. माझा दिवस पहाटे सुरू व्हायचा. स्नान, तुळशीला पाणी, रामरक्षा, देवासमोर समई. त्यातलं एकही मी ह्यांच्या दुखण्यात सोडलं नव्हतं. आणि रात्रभर ह्यांचा श्वास ऐकत पडायचं. अंग इतकं दमलेलं असायचं की जपाची माळ ओढताना मणी बोटातून निसटायचे. देवाला सांगायची, मोजणी तूच ठेव.

मग जळगावहून निरोप आला. वन्संच्या सुनेचे दिवस भरत आले होते. त्यांना जायलाच हवं होतं.

“मी नसताना पट्ट्याचं काय?” पिशवी भरता भरता त्या म्हणाल्या. “वहिनी, तुम्ही रागावू नका. पण देव एवढं मोजत नाही हो. आजाऱ्याला सगळं माफ, तसं आजाऱ्याचं करणाऱ्यालाही.”

“बघू,” मी म्हटलं.

“तुमचं हे ‘बघू’ मला माहितीये.” त्यांनी माझा हात धरला, मग सोडला. दुपारच्या गाडीने गेल्या.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून मी ह्यांच्या खोलीत आले. जाकीट खुंटीवर होतं. रोज हे काढून पलंगावर टाकत, आणि मी ते लोकरीच्या बाजूने उचलून उलटंच टांगत असे. हे त्याच्याकडे बघत पडले होते.

“उद्यापासून पट्टा कोण लावणार?” त्यांनी विचारलं.

“शेजारच्या वैद्यांना हाक मारीन.”

“रोज? तो बिचारा दात घासत धावत यायचा, माझं बकल लावायला?”

“येतील. भले आहेत.”

“भला आहे म्हणून काय त्याला गळ्याला हात लावू द्यायचा?”

मी त्यांची रजई सारखी केली. ते थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिले. एक वाक्य बोलायचं तर दोन वाक्यांएवढी विश्रांती घ्यावी लागे.

“प्रमिला, तुझं सोवळं इतकं मोठं आहे का गं?”

मी पाण्याचा तांब्या जवळ सरकवला.

“क्वार्टरमध्ये होतो तेव्हा सगळ्यांच्या बायका नवऱ्याच्या बुटांना पॉलिश करायच्या. दारात बसून, गप्पा मारत. तू कधी बूट उचललासुद्धा नाहीस. काठीने सरकवायचीस. माझे दोस्त हसायचे. म्हणायचे, ‘भाभीजी को तेरी नौकरी पसंद नहीं.’”

“अहो...”

“बोलू दे. आग्र्याहून पर्स आणली. लाल. तू फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलीस. मी बघितलं होतं. मला वाटलं, हिला माझी किळस आहे. मेसमध्ये खातो, कातडं घालतो, ग्रीसचे हात घेऊन येतो. देवाधर्माच्या घरातली मुलगी. ठीक आहे म्हटलं. बाकी सगळं तर करते. तेव्हा बोललो नाही. आता बोलतो, कारण आता...” त्यांनी हाताने हवेत काहीतरी पुसलं.

“किळस?” माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

“मग काय?”

नवस बोलून दाखवायचा नसतो. बोलला की फळ जातं, असं माझी आई सांगायची. मी तो कुणालाही सांगितला नव्हता, वन्संना नाही, माहेरी नाही. पण ह्या माणसाने एवढी वर्षं माझ्याबद्दल असं धरून चालावं, हे मला सोसेना. आणि मी दमले होते. दमलेल्या माणसाच्या हातून गोष्टी सुटतात, तसं ते माझ्या तोंडून सुटलं.

“सोवळं नाही ते. नवस आहे.”

“कशाचा?”

“एकाहत्तरच्या लढाईचा. तुम्ही तळावर, मी इथे सासूबाईंजवळ. काचांना काळे कागद लावलेले. रेडिओवर रोज कुठल्या ना कुठल्या तळावर बाँब पडल्याचं सांगायचे. तुमचं पत्र नाही. एक दिवस मी उठले आणि दत्ताच्या देवळात गेले. माझी चप्पल तुटली होती, म्हणून तुमच्या वहाणा घालून गेले होते. कोल्हापुरी. पायऱ्यांवर त्या काढल्या. देवाला द्यायला माझ्याकडे काय होतं? दागिना नाही, पैसा नाही. पायातून उतरवलेल्या त्या वहाणा होत्या. म्हटलं, हेच दिलं. ह्यापुढे कातडं अंगाला लावणार नाही. आणि अनवाणी घरी आले. सासूबाई म्हणाल्या, वहाणा चोरीला गेल्या वाटतं. मी हो म्हटलं.”

ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. रजईवरचा एक दोरा निघाला होता, तो आत खोवत होते.

“म्हणून बूट,” ते म्हणाले.

“म्हणून.”

“आणि पर्स.”

“फार सुंदर होती. अधूनमधून फडकं सोडून बघायची मी.”

 मग त्यांच्यातला दुरुस्तीवाला जागा झाला. “नवस नीट सांग. मी परत येईपर्यंत, असंच होतं ना? मी तर आलो. धड, दोन्ही हातपायांनिशी आलो. तेव्हाच फिटायला हवा होता.”

“नाही.”

“मग कुठवर?”

“हे आहेत तोवर, असं म्हटलं होतं.”

“म्हणजे...”

“घाबरले होते. थोडं जास्त मागून घेतलं.”

ते हसायला गेले आणि खोकला आला. मी पाठ चोळली. पाठीची हाडं हाताला लागत होती. खोकला थांबला तरी मी हात काढला नाही.

“आलं लक्षात,” ते हळूच म्हणाले. “तू पट्ट्याला हात लावलास, की माझा करार संपला.”

“तसं बोलू नका.”

“तू तसंच धरून बसलीयेस ना?”

 खाली सोसायटीत कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

“दमलोय गं मी,” ते म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. दुखतंय म्हणायचे, थंडी वाजते म्हणायचे. दमलोय, असं नाही.

“रात्री तू माझा श्वास ऐकत जागी असतेस. मला कळतं. एखादा श्वास उशिरा आला की तू उठून बसतेस, आणि मी मुद्दाम लवकर घेतो, तू झोपावीस म्हणून. दोघंही दमलोय.” ते थांबले. “सोळा सोमवार केलेस, त्याचं उद्यापन केलंस. जोडपी जेवायला घातलीस. आठवतं? मीच वाढलं होतं. प्रत्येक व्रताला उद्यापन असतं. ह्याचं कधी?”

“ह्याचं असं नसतं.”

“असतं. मी गेल्यावर होणारच आहे. बांगड्या उतरवतील तेव्हा हेही उतरेल. पण ते कसलं उद्यापन? तसं नको. मी बसलेला असताना कर. मला बघू दे.”

“आणि मग?”

“मग काय. तुझा देव काय दारात दबा धरून बसलाय? इतकी वर्षं त्याने जास्तीचं दिलं, मागितलं त्याहून. आता त्याला किती ताणायचं?”

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांच्या शालीवर पडलं. त्यांनी ते बोटाने पुसलं, शालीवरचं, माझ्या गालावरचं नाही. लोकरीवर डाग नको म्हणाले.

“उद्या सकाळी पट्टा तू लावायचास,” ते म्हणाले. “अगदी गळ्यापर्यंत. त्या साहेबाने लावला होता तसा. कबूल?”

 स्कूटर एकदाची सुरू झाली आणि निघून गेली.

“बरं,” मी म्हटलं.

त्या रात्री त्यांना झोप लागली. मलाही लागली. पहाटे दचकून उठले आणि आधी कान देऊन ऐकलं. श्वास होता, शिट्टीसारखाच.

इतकी वर्षं झाली, पण थंडी पडली की ती सकाळ मला जशीच्या तशी दिसते. स्नान केलं. तुळशीला पाणी घातलं. देवाजवळ समई लावली, रामरक्षा म्हटली, कुठे चुकली नाही. मग पळीत पाणी घेतलं, उजव्या तळव्यावर ओतलं. उदक सोडताना संकल्प म्हणायचा असतो. सोडण्याचा संकल्प मला कुणी शिकवला नव्हता. दत्ताच्या तसबिरीकडे पाहिलं, आणि एवढंच म्हटलं, “तुझं तुला पोचलं. माझं मला पोचलं.” पाणी ताम्हनात सोडलं. बोटं ओली राहिली, ती पदराला पुसली.

हे आधीच गॅलरीत जाऊन बसले होते. भिंत धरत धरत एकटे गेले असावेत. मला हाक मारली नाही. खुर्चीच्या पाठीवरून त्यांच्या टोपीचा शेंडा तेवढा दिसत होता. जाकीट त्यांनी नेलं नव्हतं. खुंटीवर तसंच होतं, मी टांगलेलं, लोकर बाहेर.

मी ते खाली काढलं. बाह्यांत हात घालून एकेक बाही उलटी ओढली, कातडं बाहेर आणलं. पट्टा मोकळा लोंबत होता, तो मुठीत धरला. कातडं गार होतं, आणि मला वाटलं होतं त्याहून मऊ. त्याला थोडा ह्यांचाच वास होता.

जाकीट दोन्ही हातांवर घेतलं आणि मी गॅलरीकडे निघाले.